खिळा नंबर सत्तावीस

अवसरी बुद्रुकला बाईंच्या वरच्या खोलीत भाड्याने राहायला गेलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली येऊन सांगितलं, "बाई, नळाला पाणी आलंय."

"आणखी कोण म्हणतं?" बाई म्हणाल्या.

मी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. नळ धो धो वाहत होता, आवाज ओसरीपर्यंत येत होता, तरी बाई मेथी निवडत तशाच बसलेल्या. मग कुंपणापलीकडून शेजारच्या आबांनी हाक दिली, "बाई, पानी आलं बरं का." तेव्हा त्या उठल्या, हंडा लावला आणि "आता दोघं झाले" असं स्वतःशीच म्हणाल्या. बाईंना कमी ऐकू येत असावं, असं मी त्या दिवशी ठरवलं. बाईंबद्दलचे माझे अंदाज चुकायला ही अशी सुरुवात झाली.

बाई शाळेत गणित शिकवायच्या. निवृत्त झाल्या तरी अख्ख्या गावात 'बाई' म्हटलं की त्याच. उंचीने बेताच्या, अंबाड्यात खोचलेला पेन्सिलीचा तुकडा, आणि चालणं असं की पाठीमागे वर्ग रांगेत येतोय. लग्नाची पत्रिका कोणी दिली की तिच्यातल्या चुका लाल पेनने दुरुस्त करून त्या आहेरासोबत परत द्यायच्या. मंचरच्या बाजारात एका भाजीवालीची मेथी ताजी आहे का, हे त्या शेजारच्या दोन भाजीवाल्यांना विचारायच्या. तिघींची भांडणं लागायची आणि बाई सगळ्यात ताजी जुडी घेऊन निघायच्या.

त्यांच्या ओसरीवर तीन घड्याळं होती. एक निरोप समारंभात मिळालेलं, एक भाचीच्या लग्नात आलेलं, तिसरं मुद्दाम विकत आणलेलं.

"एकच असलं तर ते सांगेल ती वेळ," त्यांनी मला समजावलं होतं. "दोन असली आणि त्यांचं पटलं नाही, तर आपण मध्ये अडकतो. तीन असली की दोन जुळतात."

"आणि तिन्ही वेगवेगळी असली तर?"

"तर सेल आणायचे, पाहुणे."

मी त्यांच्याकडे चार वर्षं राहिलो. शेवटपर्यंत पाहुणेच होतो.

घड्याळांच्या समोरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, आणि तिच्याखाली एक्केचाळीस खिळे. प्रत्येक खिळ्याला रंगाने घातलेला नंबर आणि त्यावर एक किल्ली. नोकरीसाठी पुण्या-मुंबईला गेलेली घरं, वर्षातून दोनदा उघडणारी घरं, लेकीकडे गेलेली म्हातारी माणसं, सगळ्यांच्या किल्ल्या बाईंकडे. किल्लीवर नाव नाही, फक्त नंबर. कुठला नंबर कुणाचा आणि ती किल्ली कुणाच्या हातात द्यायची, ते एका वहीत. एकोणीस वर्षांत एकही किल्ली चुकीच्या हातात गेली नव्हती. हे मला बाईंनी सांगितलं, आणि लगेच आबांना हाक मारून त्यांच्याकडून पक्कं करून दिलं.

माझं असं होतं की मी पुण्यातल्या एका कंपनीत संगणकाचं काम करायचो. घरून काम करायची सोय झाली तसा शांतता शोधत इकडे आलो. आणि कंपनीचं काम संपलं की हौसेने एका डेटाबेसवर काम करायचो. त्याचं नाव सांगत नाही, माझ्यामुळे त्याची आणखी शोभा नको. तो ओपन सोर्स होता. म्हणजे त्याचा कोड सगळ्या जगाला मोकळा. ज्याला हवा त्याने न्यावा, उघडून बघावा, चूक दिसली तर दुरुस्त करून परत पाठवावा.

"करता काय तुम्ही दिवसभर वर?" बाईंनी एकदा विचारलं.

"की-व्हॅल्यू डेटाबेस, बाई. म्हणजे काय, की सांगायची. की म्हणजे किल्ली. त्या किल्लीवर जे ठेवलेलं असेल ते परत मिळतं. बस, एवढंच."

बाईंनी भिंतीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. "हे मी एकोणीस वर्षं करतेय."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

ही गोष्ट आबांनी कुंपणापलीकडून ऐकली, आणि तिसऱ्या दिवशी गावात बातमी झाली की बाईंकडचं पावणं बी किल्ल्या ठेवत्यात, आन् त्येबी कंपुटरात. एक जण प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ट्रॅक्टरची किल्ली घेऊन आला. "आठ दिवस लेकीकडं चाललोय, भाऊ. पोरगं ट्रॅक्टर फिरवतंय नुसतं. टाका तुमच्या डेटात." एका काकूंनी कपाटाची किल्ली आणली आणि सासूला कळता कामा नये अशी अट घातली. मला नाही म्हणता येत नाही, हा माझा जुना आजार. एक घेतली, दोन घेतल्या, बघता बघता टेबलाच्या खणात नऊ झाल्या. आठवड्याने एकेक जण परत न्यायला आला, तेव्हा ध्यानात आलं की नऊपैकी सहा एकाच कंपनीच्या, एकाच घडणीच्या आहेत. जगभरच्या किल्ल्या सांभाळणारा डेटाबेस लिहिणाऱ्या माणसाने एकाही किल्लीवर नंबर टाकला नव्हता. पुढचे दोन दिवस मी सहा किल्ल्या घेऊन गावभर कुलपं लावून बघत फिरत होतो. त्या काकूंच्या सासूबाई दारातच उभ्या होत्या. त्यांना कळलं.

"माझ्या घरात राहून माझ्यासमोर दुकान टाकलंत," बाई म्हणाल्या, "आणि तेही चालवता आलं नाही."

मग मात्र त्यांनी खडू हातात घेतला आणि मला ओसरीवर बसवलं. "तुमचा डेटाबेस विसरत कसा नाही, ते सांगा."

मी सांगितलं. एकाच मशीनवर ठेवलं तर ती मशीन जळाली की सगळं गेलं. म्हणून तेच तीन मशीनवर ठेवायचं, एकमेकींपासून लांब. तिन्ही मशीन एकमेकींशी बोलत राहतात. काही नवीन लिहायचं असेल तर तिघींपैकी दोघींनी लिहून घेतलं की ते लागू झालं. काही विचारायचं असेल तरी दोघींना विचारायचं. "आता असं का, ते जरा अवघड आहे बाई, मी सावकाश—"

बाईंनी फरशीवर तीन गोल काढले होते. दोन गोलांभोवती एक रेघ फिरवली, मग वेगळ्या दोन गोलांभोवती दुसरी. "लिहिणारे दोन. विचारायचे दोन. तिघांतले कुठलेही दोन घ्या, पुन्हा कुठलेही दोन घ्या, एक तरी दोन्हीकडे येणारच. म्हणजे ताजी खबर असलेला एक तरी सापडतोच." खडू झटकला. "यात अवघड काय आहे?"

मला हे समजायला दीड महिना लागला होता. आणि समजायच्या आधी मी त्यावर पुण्यात एक भाषणही देऊन आलो होतो.

पुढच्याच आठवड्यात बाईंनी ते अमलात आणलं. जुन्नरच्या बाजारात एक चाचा किल्ल्या घासून देतात, त्यांच्याकडे एक्केचाळीस किल्ल्या नेल्या आणि प्रत्येकीच्या दोन जोडकिल्ल्या करायला सांगितल्या. चाचांनी चष्म्यावरून पाहिलं. "बाई, रिटायर झाल्यावर ह्यो धंदा काढला व्हय?" मग बाईंनी वहीवरून आणखी दोन वह्या उतरवून काढल्या. एक वही आणि किल्ल्यांचा एक डबा कळंबला गेला, हायवेला लागून ब्लाउज शिवणाऱ्या ताईंकडे. त्या बाईंच्या जुन्या विद्यार्थिनी. दुसरी वही आणि दुसरा डबा मढला, बाईंच्या धाकट्या भावाकडे. त्यांची माळशेजच्या रस्त्याला चहाची टपरी होती.

"बाई, मढला रेंज नसते," मी म्हणालो.

"तुमच्या मशिनींना कायम असते?"

"नाही. अधूनमधून जाते."

"मग झालं तर."

भावाच्या टपरीमागे पाण्याची टाकी होती. तिच्यावर चढलं की रेंज यायची. ते दिवसातून तीनदा, गिऱ्हाईक कमी असलं की चढायचे आणि निरोप घ्यायचे. आता घरमालक तिघांपैकी कोणालाही फोन करू शकत होता. बाई दुपारी एक ते तीन झोपायच्या, पण कळंबच्या ताई जाग्या असायच्या. तिघांतल्या दोघांनी वहीत लिहिलं की लागू. आणि दोघांचं जुळल्याशिवाय किल्ली खिळ्यावरून निघणार नाही.

या व्यवस्थेचा पहिला मान आबांना मिळाला. ते चार दिवस लेकीकडे जाऊन आले आणि स्वतःच्या घराची किल्ली मागायला कुंपण ओलांडून आले.

"वहीत तुमचं नाव आहे," बाई म्हणाल्या. "आणखी कोण म्हणतं?"

"अवं बाई, माझंच घर हाय त्ये. हितून दिसतंय."

"मलाही दिसतंय."

कळंबच्या ताईंचा फोन लागत नव्हता. मढ संपर्क क्षेत्राच्या बाहेर. आबा पायरीवर बसले. बाईंनी चहा दिला. तासाभराने भाकरी आणि वांग्याचं भरीत दिलं. आमच्या धंद्यात अशा वेळी गिऱ्हाईक शिव्या देतं. आबांनीही दिल्या, पण भाकरी संपल्यावर. साडेतीनला मढची टाकी चढली गेली आणि आबा स्वतःच्या घरात शिरले.

आबांना पायरीवर बसलेलं बघूनच मला ती कल्पना सुचली. मी डेटाबेससाठी एक बदल लिहायला घेतला. बाकीच्या दोन मशीननी वेळेत उत्तर दिलं नाही, तर वाट बघत बसायचं नाही. आपल्या वहीत आहे ते सांगायचं आणि मोकळं व्हायचं. लिहायला तीन महिने लागले. प्रकल्पाचं दार ज्यांच्या ताब्यात असतं त्यांना मेंटेनर म्हणतात. कुठला बदल आत घ्यायचा, कुठला नाही, हे ते ठरवतात. आमचे तीन होते, तीन देशांत. त्यांनी कळवलं, गुरुवारी दुपारी चारला मीटिंग आहे, तुझा बदल घेतला तर चौथा मेंटेनर तूच. मी दोन दिवस जमिनीवर नव्हतो. खाली येऊन बाईंना सांगितलं.

"म्हणजे एकट्याच्या सांगण्यावर?"

"पण किती पटकन होतं, बाई."

"चुकलं तर?"

"क्वचितच चुकेल."

"गणितात क्वचित नावाचा आकडा नसतो," असं म्हणून त्या मेथीकडे वळल्या.

बुधवारी बाईंना डोळे दाखवायला जुन्नरला जायचं होतं. वही माझ्यापुढे ठेवून त्या म्हणाल्या, "दोघांचं जुळल्याशिवाय एकही किल्ली हलवायची नाही." मी मान डोलावली. मान डोलावण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

दुपारी एक तरणाबांड गडी मोटरसायकलवरून आला, मागे दोन दोस्त. चौदा नंबरच्या घराचा पुतण्या. चुलता पुण्यात नोकरीला, घर बंद. "पावणं, चुलत्यांनी पंखा दुरुस्तीला न्यायला सांगितलाय. किल्ली द्या की जरा."

मी वही उघडली. चौदा नंबर : मालक, मालकीणबाई, पुतण्या. नाव स्पष्ट होतं. कळंबला फोन लावला. वाजला, कोणी उचलला नाही. मढ, अर्थात, संपर्क क्षेत्राच्या बाहेर. ऊन रणरणत होतं, पुतण्या घामाने भिजला होता, तिघं पायरीवर बसायची चिन्हं दिसत होती. आणि माझ्या डोक्यात माझा बदल घोळत होता. वेळेत उत्तर आलं नाही. आपल्या वहीत आहे ते सांगावं आणि मोकळं व्हावं. किल्ली काढून दिली. सगळं मिळून तीन मिनिटं. मी ती घड्याळांवर मोजली, तिन्ही. उद्याच्या मीटिंगमध्ये सांगायला उदाहरण मिळालं, म्हणून मनातल्या मनात पाठही थोपटून घेतली.

पाचच्या सुमाराला बाई काळा चष्मा लावून परतल्या. त्या पाणी पीत असतानाच कळंबच्या ताईंचा फोन आला. स्पीकरवर होता. "बाई, चौदा नंबर पुतण्याला द्यायचा नाय बरं का. काकांचा सकाळीच फोन आलता, तुमचा लागत नव्हता म्हनले. मी लिवलंय, मढलाबी लिवून झालंय."

बाईंनी चष्मा काढला. चौदा नंबरच्या खिळ्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

आम्ही दोघं चौदा नंबरच्या घरी गेलो. दार सताड उघडं. मधल्या खोलीत पेंढ्यात आंब्यांची आढी घातलेली होती, म्हणजे असावी. आता पेंढा खोलीभर उधळलेला होता, आणि कोपऱ्यात कोयींचा व्यवस्थित ढीग. परसातल्या त्या झाडाला एक वर्षाआड आंबा धरतो. काकांची मुलगी दोन वर्षांनी परदेशातून येणार होती, रविवारी, आणि तिच्यासाठी ती आढी घातलेली होती. पेंढ्यात चाचपल्यावर एक आंबा सापडला.

पंखा जागच्या जागी होता.

बाई घरी आल्या, स्वयंपाकघरातून बिस्किटांचा रिकामा डबा आणला आणि एकेक करून एक्केचाळीस किल्ल्या खिळ्यांवरून उतरवल्या. मग वही घेऊन फोन करायला बसल्या. प्रत्येकाला तेच वाक्य. "माझ्याकडून चूक झाली. तुमची किल्ली घेऊन जा. मी आता ठेवत नाही."

"बाई, तुमच्याकडून कशी? मी दिली."

"किल्ली माझ्या खिळ्यावरची होती."

एकोणीस वर्षांची ती भिंत माझ्या तीन मिनिटांत उघडी पडली होती, आणि तिच्यावर नुसते खिळे दिसत होते. मी रडायच्या बेतात आहे हे बघून बाईंनी माझ्यासमोर लाल पेन ठेवलं.

"चूक लिहा. माझ्या वहीत लिहा. उद्या कळंबला जाऊन तिथल्या वहीत लिहा, आणि मढला जाऊन तिथल्या. चूकही तिन्हीकडे सारखीच असली पाहिजे. नाहीतर पुढेमागे एखादी वही म्हणेल, असं काही झालंच नव्हतं."

गुरुवारी सकाळी निघालो. कळंबच्या ताई मशीनवर होत्या. मी लाल पेनने लिहिलं, त्यांनी ते मोठ्याने वाचलं, आणि दोन गिऱ्हाईक बायकाही ऐकत थांबल्या.

"मिशन चालू असली की मला फोन ऐकू येतोय व्हय?" ताई म्हणाल्या. "दोनदा लावायचा. चारदा लावायचा. नायच लागला तर हितं यायचं, मंचर वलांडलं की आलंच की कळंब. आंबं लई गोड व्हतं का वो?"

"मी नाही खाल्ले."

"अरारा," त्या म्हणाल्या. आंब्यांपेक्षा याचंच त्यांना जास्त वाईट वाटलेलं दिसलं.

"ताई, बाई भिंत बंद करतायत."

"बगू की," ताई म्हणाल्या आणि दोरा दातांनी तोडला.

मढला पोचेपर्यंत साडेतीन होऊन गेले. बाईंचे भाऊ अगदी बाईंसारखेच बुटके आणि ताठ. मी लिहिलं, त्यांनी चहा दिला. मी चहा हातात घेतला आणि कपाळावर हात मारला. चारची मीटिंग. चार वाजायला सहा मिनिटं होती. मोबाइलवर एक दांडी नाही.

"टाकीवर चढा, राव," भाऊ म्हणाले. "शिडी धरतो मी. वर गेल्यावर डाव्या कोपऱ्यात उभं ऱ्हावा. उजवीकडं नुसता फोन लागतो, नेट डावीकडंच हाय."

चढलो. डाव्या कोपऱ्यात उभा राहिलो. मीटिंग सुरू झालेली होती आणि तीन देशांतले तिघं माझ्या बदलाचं कौतुक करत होते. किती जलद, किती सुटसुटीत. दोघांचा होकार झालेला. मी आवाज चढवून म्हणालो, की मला माझा बदल मागे घ्यायचा आहे. मग एकीने विचारलं, का? मला तीन गोल, पुतण्या, पंखा, सगळं सांगायचं होतं. मी इंग्रजीत सुरुवात केली, "आंब्यांमुळे", आणि रेंज गेली.

पुन्हा आली नाही. मीटिंगच्या टिपणात आजही तसंच लिहिलेलं आहे. बदल लेखकाने स्वतः मागे घेतला. कारण : आंबे.

"झालं का काम?" खालून भाऊंनी विचारलं.

"झालं. मेंटेनर होणार होतो, ते गेलं."

"त्ये काय असतं?"

"दार सांभाळणारा."

भाऊंनी शिडी घट्ट धरली. "बरं झालं मग," ते म्हणाले. "उतरा सावकाश."

नंतर मी त्या तिघांना लांबलचक पत्र लिहून सगळं कळवलं. त्यांनी दार दिलं नाही, पण एक काम दिलं. असा प्रकार डेटाबेसमध्ये पुन्हा कधी घडू नये म्हणून त्याची चाचणी लिहायची. मी लिहिली. तिच्यात तीन मशीन आहेत, अवसरी, कळंब आणि मढ. चाचणी सुरू झाली की मढचा संपर्क तुटतो आणि उरलेल्या दोघी काम चालू ठेवतात. मग कळंबचाही तुटतो. तेव्हा एकटी अवसरी गप्प बसते, मनाने काही सांगत नाही. आता जगात कोणीही त्या कोडला हात लावला की ही चाचणी चालते. एकाने परदेशातून विचारलं होतं, मढ म्हणजे काय, आणि ती नेहमी संपर्काबाहेर का असते. मी कळवलं, ती टाकीवरून उतरलेली असते.

पण हे पुढचं. रविवारी काका आले. सोबत परदेशातून आलेली मुलगी, आणि मागे मान खाली घालून पुतण्या, डोक्यावर जुन्नरहून आणलेली आंब्यांची पेटी. बाई ओसरीवर डबा घेऊन बसल्या होत्या. तोपर्यंत एकही जण किल्ली न्यायला फिरकला नव्हता, याचं मला आश्चर्य वाटत होतं. बाईंनी चौदा नंबर काढून पुढे केला.

"घ्या. आणि मला माफ करा."

काकांनी हात मागे घेतला. "न्यायला न्हाई आलो, बाई. लावा खिळ्याला."

"मी आता ठेवत नाही."

"आणखी कोन म्हनतं?"

हा प्रश्न त्यांना आजवर कोणी विचारला नव्हता. कुंपणापलीकडे आबा काठीवर हनुवटी टेकून उभे होते, त्यांची पापणी हलत नव्हती.

"मी कळंबला फोन केलता," काका म्हणाले. "मढलाबी केला. आमी समद्यांनीच केला, एक्केचाळीस घरांनी. भिंत हाय तशी ऱ्हाणार, असं दोघांनीबी वहीत लिवलंय. तुमी एकट्याच नाय म्हनताय."

बाईंनी कळंबला फोन लावला. ताई म्हणाल्या, "व्हय बाई, लिवलंय, तारखेसकट." मढला लावला, आणि लागला. भाऊ सकाळपासून टाकीवरच बसून होते.

फोन ठेवून बाईंनी तीन घड्याळांकडे पाहिलं. "मला पटलेलं नाही," त्या म्हणाल्या. "हे लिहून ठेवते." अंबाड्यातली पेन्सिल काढून त्यांनी तसं लिहिलं. त्याच्याखाली लिहिलं, लागू. मग उठल्या. मी डबा धरला आणि त्या एकेक किल्ली लावत गेल्या. नंबर बघावा लागत नव्हता, नुसत्या दातांवरून ओळखायच्या. अडतिसाव्या किल्लीला माझ्या लक्षात आलं की त्या गुणगुणतायत. बाईंनी जपून ठेवलेला तो एकुलता उरलेला आंबा मुलीने तिथेच ओसरीवर चोखून खाल्ला आणि कोय मला दिली. बाईंच्या परसात मी ती लावली. ती उगवली आहे असं मी म्हणतो, आणि आबाही म्हणतात.

हे सगळं आज आठवायचं कारण सांगायचं राहिलं. अवसरी सोडून मी पुण्यात फ्लॅट घेतला, त्याला वर्ष झालं. निघताना वरच्या खोलीची किल्ली बाईंना परत दिली, आणि त्या खोलीच्या सत्तावीस नंबरच्या खिळ्याला नव्या फ्लॅटची जोडकिल्ली अडकवून आलो. लांब ठेवावी, असं मीच तर शिकवलं होतं. आज सकाळी कचरा टाकायला बाहेर आलो आणि वाऱ्याने दार लागलं. खिशात फोन आणि मोटरसायकलची किल्ली होती म्हणून बरं. पायात घरातल्या सपाता होत्या तशाच घालून साठ किलोमीटर आलो.

बाईंनी दार उघडलं, मला वरपासून सपातांपर्यंत न्याहाळलं, वही आणली. "नाव आहे तुमचं," त्या म्हणाल्या. पुढचं वाक्य मी त्यांच्याबरोबरच म्हटलं.

ताई कुणाच्या तरी लग्नाला गेल्यात, फोन वाजतोय, पण बँडच्या आवाजात त्यांना ऐकू येत नसणार. मढ संपर्क क्षेत्राच्या बाहेर. आबा कुंपणावरून म्हणाले, "बाई, मी वळखतो की पावण्यास्नी." बाई म्हणाल्या, "तुम्ही तिघांत नाही, आबा." मला चहा झाला, भाकरी झाली, भरीत झालं. कागदांचं एक पॅड मागून घेतलं आणि पायरीवर बसून हे लिहितोय. इथून आतली भिंत दिसते. सत्तावीस नंबरवर माझी किल्ली आहे, फार तर दहा पावलांवर.

आत्ता आत फोन वाजला. मढच असणार, टाकीवर चढण्याची त्यांची हीच वेळ. बाईंचा आवाज येतोय, "नीट आठवून सांग रे. तो, आंबेवाला."

ते मला ओळखतात. पण हे मी एकटाच म्हणतोय.